मित्रदेशाच्या नेत्याला देव्हाऱ्यात बसवण्याआधी: युद्धाच्या बातम्या देणाऱ्या संपादकांना खुले पत्र

परदेशांतल्या युद्धांच्या बातम्या आणि चर्चा मराठीत आणणारे संपादक, वृत्तनिवेदक आणि विश्लेषक यांस,

सप्रेम नमस्कार.

जगात कुठेही युद्ध पेटले की थोड्याच दिवसांत त्या युद्धाला एक चेहरा मिळतो. दोन बाजूंपैकी एकीचा नेता आपला वाटू लागतो. त्याचा करारीपणा, त्याचे कष्टाचे बालपण, त्याने कोणाला कसे सुनावले, तो किती तास काम करतो, अशा कहाण्या सुरू होतात. त्या देशाचे सैनिक, तिथली सामान्य माणसे आणि तिथले कैदी हळूहळू मागे सरकतात आणि पुढे एकटा तोच उरतो. तुमच्यातले अनेकजण हे कोणाच्या सांगण्यावरून करत नाहीत, आपली बाजू न्यायाची आहे या भावनेने करतात, हे मी जाणतो. नेमके म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आजचा एखादा नेता उदाहरण म्हणून घेतला, तर आपण त्याच्यावरच भांडत बसू आणि मुद्दा बाजूला राहील. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीचे, आता कागदपत्रांनिशी उघड झालेले उदाहरण घेतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि ब्रिटन या दोन लोकशाही देशांनी, जिथे वृत्तपत्रे बऱ्याच अंशी मोकळी होती तिथे, जोसेफ स्टालिनला आपल्या जनतेपुढे कसे उभे केले, ते हे उदाहरण.

‘टाइम’ साप्ताहिकाने १९३९ सालचा ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून स्टालिनची निवड केली होती. ती निवड गौरवाची नव्हती. त्या वर्षी २३ ऑगस्टला सोव्हिएत युनियनने हिटलरच्या जर्मनीशी करार केला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून पोलंडमध्ये सैन्य घुसवले आणि ३० नोव्हेंबरला फिनलंडवर हल्ला केला. त्या हल्ल्याबद्दल राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) डिसेंबरमध्ये त्या देशाला काढून टाकले. १० फेब्रुवारी १९४० रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तरुणांच्या एका मेळाव्यात स्पष्ट सांगितले, की सोव्हिएत युनियनमधली हुकूमशाही जगातल्या इतर कोणत्याही हुकूमशाहीइतकीच निरंकुश आहे. पुढे १९४२ सालासाठी ‘टाइम’ने पुन्हा स्टालिनलाच निवडले आणि या वेळी सूर कौतुकाचा होता. मधल्या तीन वर्षांत तो माणूस बदलला नव्हता. त्याच्या सक्तमजुरीच्या छावण्या होत्या तिथेच होत्या, त्याची गुप्त पोलीस यंत्रणाही तीच होती. फक्त २२ जून १९४१ रोजी हिटलरने त्याच्यावर हल्ला केला होता, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिका युद्धात उतरली होती.

स्टालिनशी हातमिळवणी करायलाच नको होती, असे माझे म्हणणे नाही. ती करणे भागच होते. जर्मन सैन्याचा कणा पूर्व आघाडीवर मोडला आणि त्यासाठी सोव्हिएत जनतेने दिलेली किंमत आजही अंगावर काटा आणते: सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली, एकट्या लेनिनग्राडने ८७२ दिवसांचा वेढा सोसला. त्या लोकांना शस्त्रे, धान्य, बूट, ट्रक पाठवणे योग्यच होते. अमेरिकेने मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याच्या लेंड-लीज योजनेखाली सुमारे ११ अब्ज डॉलरची मदत पाठवली, त्यात चार लाखांहून अधिक ट्रक आणि जीप होत्या. या मदतीला माझा कसलाही आक्षेप नाही.

शिवाय खोटे न बोलता अशी मैत्री करता येते, याचा पुरावा त्याच युद्धात आहे. हिटलरने रशियावर हल्ला केला त्याच संध्याकाळी चर्चिल रेडिओवर बोलले. गेली पंचवीस वर्षे साम्यवादाला आपल्याइतका सातत्याने विरोध कोणीच केलेला नाही, आणि त्याबद्दल बोललेला एकही शब्द आपण मागे घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, की नाझींविरुद्ध जो लढेल त्याला आमची मदत मिळेल. एवढे स्पष्ट बोलूनही मदत गेली, मैत्री झाली, पुढे युद्धही जिंकले. ब्रिटिश श्रोत्यांना हे दोन विचार एकत्र पेलता आले. तुमच्या वाचकांनाही पेलता येतील. वाचकाला एका वेळी एकच भावना कळते असे धरून चालणे हा वाचकाचा अपमान आहे.

पण तो स्पष्टपणा टिकला नाही. १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकेत युद्धमाहिती कार्यालय स्थापन झाले. त्याने चित्रपटवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली आणि प्रत्येक पटकथेला एक प्रश्न विचारायला सांगितले: हा चित्रपट युद्ध जिंकायला मदत करेल का? प्रश्न ऐकायला रास्त वाटतो. तोच प्रश्न जेव्हा ‘हे खरे आहे का’ या प्रश्नाच्या जागी बसतो, तेव्हा काय होते ते १९४३ साली पडद्यावर दिसले. मॉस्कोतले माजी अमेरिकी राजदूत जोसेफ डेव्हिस यांच्या आठवणींवर वॉर्नर ब्रदर्सने ‘मिशन टू मॉस्को’ हा चित्रपट काढला. मायकेल कर्टिझसारखा नावाजलेला दिग्दर्शक आणि वॉल्टर ह्यूस्टनसारखा नट त्याला लाभला होता. त्यातला स्टालिन शांत, समजूतदार, आजोबांसारखा आहे. १९३६ ते १९३८ दरम्यान ज्या खटल्यांत छळ करून कबुलीजबाब मिळवले गेले आणि जुन्या क्रांतिकारकांना गोळ्या घालण्यात आल्या, ते खटले त्या चित्रपटात खरे आणि न्याय्य म्हणून दाखवले आहेत. पडद्यावरचे आरोपी आपला देशद्रोह कबूल करतात आणि अमेरिकी राजदूताची खात्री पटते.

त्या वेळीही बोलणारी माणसे होती. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३७ साली मेक्सिकोत स्टालिनचा हद्दपार प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की याच्यावरच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले होते. ते खटले बनावट आहेत हे त्यांनी पुरावे तपासून ठरवले होते. मे १९४३ मध्ये त्यांनी आणि सुझान ला फॉलेट यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सविस्तर पत्र लिहून त्या चित्रपटातल्या खोट्या गोष्टी एकेक करून दाखवल्या. वृत्तपत्राने ते पत्र छापले, ही त्या काळातली एक चांगली गोष्ट. ड्यूई तेव्हा ८३ वर्षांचे होते. युद्ध चालू असताना मित्रराष्ट्राच्या नेत्याविरुद्ध बोलणे म्हणजे शत्रूला मदत करणे, हा आरोप अंगावर घेऊन त्यांनी ते लिहिले. तुमच्या दालनातही असे एखादे पत्र येत असेल. ते कुठे जाते, हे तुम्हीच पाहा.

‘लाइफ’ साप्ताहिकाचा २९ मार्च १९४३ चा अंक पूर्णपणे सोव्हिएत युनियनला वाहिलेला होता, मुखपृष्ठावर स्टालिनचे छायाचित्र होते. रशियन माणसे अमेरिकनांसारखीच दिसतात, अमेरिकनांसारखाच पेहराव करतात आणि अमेरिकनांसारखाच विचार करतात, असे त्यात लिहिले होते. लाखो लोकांना छावण्यांत पाठवणाऱ्या एनकेव्हीडी या यंत्रणेची ओळख अमेरिकेच्या एफबीआयसारखे राष्ट्रीय पोलीस दल अशी करून दिली होती. हे लिहिणारे कोणी साम्यवादी नव्हते. ‘लाइफ’ आणि ‘टाइम’चे मालक हेन्री ल्यूस हे अमेरिकेतले कट्टर साम्यवादविरोधी म्हणून ओळखले जात. म्हणजे मालकाची विचारसरणी विरुद्ध असूनही वाऱ्याचा जोर एवढा होता. ट्रॉट्स्कीने लिहिलेले स्टालिनचे चरित्र छापून तयार असताना अमेरिकी प्रकाशकाने डिसेंबर १९४१ मध्ये अडवून ठेवले, ते वाचकांच्या हाती १९४६ मध्ये पडले. लेखकाचा खून १९४० सालीच स्टालिनच्या हस्तकाने केला होता. प्रकाशकाने तो ग्रंथ अडवून त्या खुनाला जणू पुढचा टप्पा जोडला, असे मला वाटते. शब्द कठोर आहेत, पण मी ते सौम्य करू शकत नाही.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९४३ मध्ये सोव्हिएत सैन्याच्या, म्हणजे लाल सेनेच्या, पंचविसाव्या वर्धापनदिनानिमित्त लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठा सोहळा झाला. राजे सहावे जॉर्ज यांच्या आज्ञेवरून, जर्मन सैन्याला रोखणाऱ्या स्टालिनग्राड शहराच्या नागरिकांसाठी एक तलवार घडवण्यात आली, वेस्टमिन्स्टर ॲबीत ती पाहायला लोकांनी रांगा लावल्या. तलवारीवरचा लेख सुंदर होता: पोलादी काळजाच्या स्टालिनग्राडच्या नागरिकांना ब्रिटिश जनतेच्या आदराचे प्रतीक म्हणून. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरानच्या परिषदेत चर्चिलनी ती स्टालिनच्या हाती दिली आणि त्याने तिचे चुंबन घेतले.

माझ्या मते सगळा प्रश्न या एका प्रसंगात आहे. आदर नागरिकांविषयी होता आणि तलवार स्टालिनच्या हाती गेली. आता आठवून पाहा, त्या नागरिकांशी आणि त्या सैनिकांशी हा माणूस कसा वागला होता. १९३७-३८ मध्ये त्याने स्वतःच्याच सैन्याचे हजारो अधिकारी संपवले, पाचपैकी तीन मार्शल त्यात गेले. १९४१ च्या वसंतात हल्ल्याच्या सूचना अनेक मार्गांनी येत असताना त्या त्याने झिडकारल्या, आणि पहिल्या काही महिन्यांत त्याचे लाखो सैनिक वेढ्यात सापडून कैद झाले. १६ ऑगस्ट १९४१ च्या २७० क्रमांकाच्या आदेशाने शरण गेलेल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना अटक आणि शरण गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांची सरकारी मदत बंद, असा नियम केला. ज्या सैनिकाला त्याच्या नेत्याने वाऱ्यावर सोडले, त्याच सैनिकाच्या मरणाचे श्रेय त्या नेत्याच्या नावावर जमा झाले. उदात्तीकरणाने शत्रूचे नुकसान किती होते मला ठाऊक नाही, पण ज्या लोकांचे आपण कौतुक करतो असे समजतो त्यांचीच त्यात पहिली लूट होते. लढले ते, आणि नाव मात्र ‘अंकल जो’चे झाले. होय, वॉशिंग्टन आणि लंडनमध्ये स्टालिनसाठी हेच लाडके नाव रूढ होते.

आता मी त्या लोकांकडे येतो ज्यांना या प्रतिमेसाठी गप्प बसवण्यात आले. इथे थोडा वेळ घेणार आहे, कारण प्रचाराच्या चर्चेत यांच्यापर्यंत पोचण्याआधीच जागा संपते.

१९३९ मध्ये पूर्व पोलंड व्यापल्यावर सोव्हिएत सैन्याने हजारो पोलिश अधिकाऱ्यांना पकडले. त्यांत पेशाने डॉक्टर, वकील, शिक्षक, अभियंते असलेले राखीव दलाचे लोक पुष्कळ होते. १९४० च्या वसंतात त्यांची घरी येणारी पत्रे बंद झाली. पुढे हिटलरच्या हल्ल्यानंतर पोलंड आणि सोव्हिएत युनियन मित्र झाले, उरलेल्या पोलिश कैद्यांतून सैन्य उभारायचे ठरले, तेव्हा लक्षात आले की अधिकारीच सापडत नाहीत. ३ डिसेंबर १९४१ रोजी पोलंडच्या निर्वासित सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि सेनापती आंडर्स यांनी क्रेमलिनमध्ये बसून स्टालिनला थेट विचारले, आमचे अधिकारी कुठे आहेत? ते पळून गेले, तो म्हणाला. कुठे? मांचुरियात. हे उत्तर देणाऱ्या माणसाला सत्य माहीत होते, कारण ५ मार्च १९४० च्या पॉलिटब्यूरोच्या (साम्यवादी पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या) ठरावावर त्याची स्वतःची सही होती. त्या ठरावानुसार सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालून पुरले होते.

१३ एप्रिल १९४३ रोजी जर्मन रेडिओने स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात सामूहिक कबरी सापडल्याची घोषणा केली. सांगणारे नाझी होते, त्यामुळे शंका घेणे योग्यच होते. पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडून चौकशीची मागणी केली, एवढाच त्यांचा गुन्हा. स्टालिनने त्याच महिन्यात त्यांच्याशी संबंध तोडले. ब्रिटनचे पोलिश सरकारकडचे राजदूत ओवेन ओ’मॅली यांनी मे महिन्यात एक अहवाल लिहिला. हाती असलेला पुरावा पाहता हे काम रशियनांचेच दिसते, असे त्यांनी नोंदवले, आणि पुढे एक वाक्य लिहिले जे कोणत्याही संपादकाने विसरू नये: खुन्यांनी कबरी झाकायला लहान सूचिपर्णी झाडे लावली, तसे आपण ही कत्तल झाकायला इंग्लंडचे चांगले नाव वापरले. हा अहवाल चर्चिलनी वाचला. ऑगस्टमध्ये त्याची प्रत रूझवेल्टना पाठवली. जनतेला तो दाखवला नाही.

अमेरिकेत डेट्रॉइट आणि बफेलोमध्ये पोलिश भाषेतले रेडिओ कार्यक्रम चालत. ऐकणाऱ्यांचे भाऊ, काका, वडील त्या बेपत्ता लोकांत असू शकत होते. १९४३ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी त्या केंद्रांच्या चालकांना कातिनवरची टिप्पणी आवरायला लावली. हे पुढे अमेरिकी काँग्रेसच्या समितीने १९५२ मध्ये चौकशीअंती उघड केले. जर्मनांनी पकडलेला अमेरिकी लेफ्टनंट कर्नल जॉन व्हॅन व्ह्लीट याला १९४३ मध्ये कातिनला नेऊन मृतदेह दाखवले होते. तो जर्मनांचा द्वेष करत होता, त्यांच्यावर विश्वास ठेवायची त्याची इच्छा नव्हती. तरीही मृतांचे न झिजलेले बूट आणि कपडे पाहून त्याची खात्री झाली, की ही माणसे पकडल्यानंतर फार दिवस जगली नव्हती. मे १९४५ मध्ये सुटून आल्यावर त्याने अहवाल दिला. त्यावर ‘अतिगोपनीय’ शिक्का बसला आणि पुढे तो कागद गहाळ झाला. रूझवेल्ट यांचे दूत जॉर्ज अर्ल यांनी मार्च १९४५ मध्ये आपले मत जाहीर करायची परवानगी मागितली. राष्ट्राध्यक्षांनी लेखी मनाई केली आणि नौदलातल्या या अधिकाऱ्याची बदली पॅसिफिकमधल्या सामोआला झाली.

वार्ताहरांची गोष्ट मात्र तुम्हाला विशेष सांगायची आहे. जानेवारी १९४४ मध्ये स्मोलेन्स्क परत सोव्हिएत ताब्यात आल्यावर मॉस्कोने पाश्चात्त्य वार्ताहरांना खास गाडीने कातिनला नेले. सोबत अमेरिकी राजदूताची कन्या कॅथलीन हॅरिमन होती. त्यांना मृतदेह दाखवले, तयार केलेले साक्षीदार दाखवले. काहींना शंका आल्या. पण हॅरिमन यांनी हे जर्मनांनीच केले असावे असा निष्कर्ष लिहून दिला, आणि तो वॉशिंग्टनला सोयीचा ठरला. पुढे १९५२ मध्ये त्यांनी ते मत बदलल्याचे समितीपुढे सांगितले. यजमानाने ठरवलेली गाडी, यजमानाने निवडलेले साक्षीदार आणि यजमानाने आखलेला वेळ, यांतून आलेली बातमी आजही ‘प्रत्यक्ष घटनास्थळावरून’ म्हणून दिली जाते.

सोव्हिएत सरकारने आपला गुन्हा मान्य केला तो १३ एप्रिल १९९० रोजी. मधली ४७ वर्षे त्या मृतांच्या बायकामुलांनी अधिकृत खोटे ऐकत काढली.

ज्या पोलिश कुटुंबांना १९४०-४१ मध्ये सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते, त्यांतले हजारो लोक १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडू शकले. त्यांतल्या सुमारे पाच हजारांची छावणी १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला होती, बहुतेक बायका आणि मुले. स्टालिनच्या राज्यात आपले काय झाले, हे सांगू शकणारी हजारो माणसे अशी जगभर विखुरली होती, त्यांच्याशी बोलणे अशक्य नव्हते. न्यूयॉर्क आणि लंडनच्या छापखान्यांना त्यांची साक्ष त्या वर्षांत नको होती. मराठी पत्रकारितेने निदान हे लक्षात ठेवावे, की अशी साक्ष कधीकधी दारापाशी येऊन राहते.

अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांचा दौरा हा याच गोष्टीचा आणखी एक भाग. मे १९४४ मध्ये ते सायबेरियातल्या मगादान आणि कोलिमा भागात गेले. तिथल्या सोन्याच्या खाणींत कैदी मरत होते. वॉलेस यांना तिथे उत्साही खाणकामगार, भरलेली दुकाने आणि नाटकाचा उत्तम प्रयोग दिसला. तेव्हा तिथे कैदेत असलेल्या एलिनोर लिपर यांनी सुटकेनंतर लिहिले, की पाहुणे यायच्या आधी पहाऱ्याचे मनोरे पाडले होते, कैद्यांना बाहेर पडू दिले नव्हते आणि नमुना-शेतावर डुकरे राखणाऱ्या बायका म्हणून कचेरीतल्या बायका उभ्या केल्या होत्या. वॉलेस यांच्यासोबतचे अभ्यासक ओवेन लॅटिमोर यांनी ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या डिसेंबर १९४४ च्या अंकात त्या खाण-प्रशासनाचे कौतुक केले. कामगारांना जीवनसत्त्वे मिळावीत म्हणून काचघरांत भाज्या पिकवतात, हेही नोंदवले. वॉलेस प्रामाणिक होते, गरिबांविषयी त्यांना कळकळ होती, आणि १९५२ मध्ये आपण फसवले गेलो हे त्यांनी जाहीरपणे लिहिले. मला भीती वाटते ती याचीच. फसवले जाण्यासाठी माणूस वाईट असावा लागत नाही.

आणि ज्या महिन्यात वॉलेस सायबेरियात हिंडत होते, त्याच महिन्यात, १८ मे १९४४ पासून, क्रिमियातल्या सुमारे १ लाख ९० हजार तातारांना घरांतून उठवून मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवले. त्याआधी २३ फेब्रुवारीला चेचेन आणि इंगुश लोकांची पाळी आली होती, सुमारे पाच लाख माणसे. गावांतून रेल्वेपर्यंत त्यांना नेणाऱ्या वाहनांत अमेरिकेने मदत म्हणून पाठवलेले स्टुडबेकर ट्रकही होते. हे ट्रक पाठवले म्हणून अमेरिका दोषी, असे मी म्हणत नाही. पण त्या ट्रकांचे काय होते आहे हे विचारायची सवय तिथल्या वृत्तपत्रांनी स्वतःहून सोडून दिली होती.

युद्ध संपल्यावर काय झाले तेही पाहा. ८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे मोठे संचलन झाले, ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढलेल्या पोलिश फौजा त्यात नव्हत्या. दुसरीकडे हवा पूर्ण उलटली. मार्च १९४६ मध्ये चर्चिल अमेरिकेतल्या फुल्टनला, सोव्हिएत सत्तेने युरोपात ओढलेल्या ‘पोलादी पडद्या’विषयी बोलले. १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर जॅक वॉर्नर यांना ‘मिशन टू मॉस्को’बद्दल जाब द्यावा लागला. त्या चित्रपटाचे पटकथाकार हॉवर्ड कॉख काळ्या यादीत गेले. चार वर्षांपूर्वी जे देशकार्य होते तेच आता देशद्रोहाचा पुरावा झाले. ज्या जनतेला एका नेत्यावर आंधळे प्रेम करायला शिकवले होते, तिला आता प्रत्येक शेजाऱ्यात त्याचा हस्तक दिसू लागला. मला हे दोन वेगळे आजार वाटत नाहीत. आधी खरे सांगितले असते, तर नंतरचा धक्का आणि त्या धक्क्यातून उठलेली सूडबुद्धी एवढी मोठी नसती.

तुम्ही म्हणाल, युद्धात जनतेचे मनोधैर्य टिकवावे लागते. ते त्या सरकारांचे काम होते. तुम्ही ज्या युद्धांच्या बातम्या देता त्यांतली बहुतेक तुमच्या देशाची युद्धेही नाहीत. तुमच्यावर ना कोणती आघाडी सांभाळायची जबाबदारी आहे, ना कोणाचा सेन्सॉर. तरीही ‘अमुक नेत्याने शत्रूला धूळ चारली’ असा मथळा का द्यावासा वाटतो? धूळ खाणारे आणि चारणारे, दोन्हीकडचे, विशीतले पोरगे असतात, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. आपल्या देशाचे हित त्या नेत्याशी जुळत असेल तर तसे स्पष्ट लिहा. हित जुळते म्हणून तो सज्जन आहे, अशी उडी मारू नका. चर्चिलच्या पहिल्या भाषणाइतका प्रामाणिकपणा मागतो आहे, त्याहून जास्त नाही.

माझी विनंती नेमकी आहे. तुमच्या वार्ताहराला कोणत्या सैन्याने, कोणत्या सरकारने नेऊन काही दाखवले असेल, तर बातमीच्या पहिल्या परिच्छेदात तसे लिहा. आवडत्या देशातून बाहेर पडावे लागलेल्या माणसाची मुलाखत, नावडत्या देशातून पळालेल्या माणसाच्या मुलाखतीइतक्याच जागेत छापा. विरोधी बाजूने केलेला आरोप केवळ तो विरोधी बाजूने केला म्हणून खोटा धरू नका. ओ’मॅलींनी केले तसे कपडे, तारखा, पत्रे तपासा.

आणि एक काम तुम्ही याच आठवड्यात करू शकता. सध्या ज्या परदेशी नेत्याचे कौतुक तुमच्याकडे सर्वांत जास्त छापून येते, तो उद्या आपल्या देशाच्या विरोधात गेला असे समजा. दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याच्याविषयी तुम्ही काय काय छापाल, त्याची यादी करा: त्याने तुरुंगात टाकलेले पत्रकार, पुढे ढकललेल्या निवडणुका, एखाद्या गावात त्याच्या सैन्याने केलेले अत्याचार, त्याच्या मित्रांना मिळालेली कंत्राटे. यांतली बहुतेक माहिती तुमच्याकडे आजच असणार. ती सत्य आहे याची खात्री करा आणि या रविवारच्या पुरवणीत, त्याच्या छायाचित्राखाली, छापा.

आपला,
एक वाचक